निदान नाही, म्हणजे दुखणे नाही?

"तो मुळातच असा होता, असे समजायचे का मी आता?" २०२१ च्या सुरुवातीला एका बाईंनी पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला. त्यांचे पती अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे अंगावर धडका घेत खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये नव्वदच्या दशकात सहा हंगाम लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) म्हणून खेळले होते आणि आता बावन्न वर्षांचे होते. मी अमेरिकेत समुपदेशक म्हणून काम करते. निवृत्त खेळाडूंच्या कुटुंबांशी बोलताना हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकदा ऐकला असल्यामुळे, त्या दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

बाईंच्या हातात एक अहवाल होता. डोक्याच्या दुखापतींबद्दल लीगविरुद्ध झालेल्या दाव्यातल्या तडजोडीनुसार निवृत्त खेळाडूंची स्मरणशक्ती, एकाग्रता, भाषा आणि विचारशक्ती तपासली जाते. त्यांच्या पतीची ही तपासणी २०१८ मध्ये झाली होती आणि भरपाईस पात्र ठरेल असे निदान नाही, असा निष्कर्ष निघाला होता. घरातले चित्र मात्र वेगळे होते. पंधरा वर्षे ज्या रस्त्याने गाडी चालवली, तिथे ते वळण चुकत. बिले दोनदा भरली जात किंवा भरायची राहून जात. कधीही आवाज न चढवणारा माणूस किरकोळ कारणावरून दारे आपटू लागला होता आणि तासाभराने आपण असे केले हेच त्याला आठवत नसे. अहवाल आला त्या दिवशी बाईंना क्षणभर सुटल्यासारखे वाटले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले की आजार नाही, तर मग हा स्वभावच असला पाहिजे. आणि स्वभाव असेल, तर इतकी वर्षे आपण त्याला पाठीशी घातले ही आपलीच चूक.

त्या पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांना कायदा समजावून सांगत बसले. ती माहिती आवश्यक होती, पण ती त्या दिवशी हवी होती असे नाही. तरीही इथे ती आधी देते, कारण हा अहवाल कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

२००२ मध्ये लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे माजी खेळाडू माइक वेबस्टर पन्नासाव्या वर्षी वारले. त्यांच्या मेंदूची तपासणी करताना डॉ. बेनेट ओमालू यांना सीटीई या आजाराच्या खुणा आढळल्या आणि २००५ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. डोक्याला वारंवार हादरे बसल्यामुळे मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन विशिष्ट जागी साचत जाते, असा हा आजार आहे. लीगने १९९४ मध्येच कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूला होणाऱ्या इजेच्या, अभ्यासासाठी स्वतःची समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष संधिवाताचे तज्ज्ञ होते, आणि कन्कशननंतर त्याच सामन्यात पुन्हा उतरण्यात मोठा धोका नाही, अशा अर्थाचे निष्कर्ष त्या समितीच्या लेखांत मांडले गेले. २०११ पासून खेळाडूंनी दावे दाखल केले. त्यांचे म्हणणे असे की, लीगने अभ्यासाची जबाबदारी आपणहून अंगावर घेतली होती. ती निष्काळजीपणे पार पाडली, इतकेच नव्हे तर धोका लपवला. लीगचे म्हणणे असे की, हा वाद खेळाडू संघटनेबरोबरच्या सामूहिक करारातून निघतो, म्हणून तो न्यायालयात नव्हे, तर करारात ठरलेल्या लवादापुढे गेला पाहिजे.

यातले कोण बरोबर, हे ठरलेच नाही. साडेचार हजारांहून अधिक खेळाडूंचे दावे फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यापुढे एकत्र आले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तडजोड झाली. ७६ कोटी ५० लाख डॉलरची पहिली रक्कम पुरेल याची खात्री नसल्याने न्यायाधीशांनी ती मान्य केली नाही. पुढे वरची मर्यादा काढल्यावर २२ एप्रिल २०१५ रोजी मंजुरी मिळाली आणि अपिले संपून जानेवारी २०१७ मध्ये तडजोड अमलात आली. लीगने दोष कबूल केला नाही. साक्षी झाल्या नाहीत, उलटतपासणी झाली नाही, निकालपत्र लिहिले गेले नाही. आजारी खेळाडूंच्या हयातीत पैसे पोहोचावेत म्हणून हा मार्ग निवडला गेला आणि त्यामागची निकड मला समजते; पण "दोष कुणाचा?" हा प्रश्न ज्यांच्या घरात बसला आहे, त्यांच्यासाठी तो तिथेच राहिला.

तडजोडीत पैसे कशासाठी मिळतात, हेही नेमके आहे. एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा मज्जातंतूंचा आजार), पार्किन्सन, अल्झायमर, ठरावीक पातळीचा स्मृतिभ्रंश, आणि २२ एप्रिल २०१५ पूर्वी वारलेल्या खेळाडूंच्या मेंदूत आढळलेले सीटीई. एएलएससाठी कमाल ५० लाख डॉलर, सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशासाठी कमाल १५ लाख. निदानाच्या वेळी वय जास्त असेल किंवा पात्र हंगाम पाचापेक्षा कमी असतील, तर रक्कम घटते. नैराश्य, चिडचिड, आवेगावरचा ताबा सुटणे यांना स्वतंत्र भरपाई नाही. आणि ज्या आजारामुळे हा सगळा लढा उभा राहिला, ते सीटीई जिवंत माणसात निश्चित ओळखता येत नाही. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच ते ठरते. पत्नीचा स्वतंत्र हक्क आहे, पण तो पतीला मिळणाऱ्या रकमेच्या एक टक्क्याचा. हे ऐकून बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दारे आपटण्याचा आवाज या यादीत कुठेच नाही."

त्यांचे ते वाक्य मला पुढच्या सगळ्या कामाची दिशा देऊन गेले. तो अहवाल एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर होता: दोन पक्षांच्या वकिलांनी वाटाघाटीत ठरवलेल्या पातळीच्या खाली या माणसाचे गुण उतरले आहेत का? मेंदूला इजा झाली आहे का, हा दुसरा प्रश्न. लीग जबाबदार आहे का, हा तिसरा. आणि "माझा नवरा मुळातच असा आहे का?" हा चौथा, ज्याचे उत्तर त्या कागदाकडे कधीच नव्हते. चारही प्रश्न एकाच कागदावर तोलले गेल्यामुळे बाई खचल्या होत्या. दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारले, "ते मुळात कसे होते, हे तुमच्याइतके कोण सांगू शकेल?" त्या दोन तास बोलल्या. लग्नाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या त्या माणसाची हकिगत आम्ही लिहून काढली आणि बदल साधारण कधीपासून दिसू लागला, हेही नोंदवले. ती नोंद पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनाही उपयोगी पडली, कारण अशा रुग्णांत घरच्यांची साक्ष चाचणीच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची असते.

आता याच चिंतेची दुसरी बाजू. पतींशी बोलणे सुरू झाले, तेव्हा त्यांनी स्वतःचे निदान आधीच करून ठेवलेले आढळले. बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा त्यांना पाठ होता: लीगमधल्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई. "म्हणजे माझेही ठरलेलेच आहे," ते म्हणाले. तो आकडा खरा आहे; पण ते मेंदू दान केलेले होते, आणि ज्यांना जिवंतपणी त्रास दिसत होता त्यांची कुटुंबे दानासाठी पुढे येण्याची शक्यता अधिक असते. त्या आकड्यावरून प्रत्येक खेळाडूचे भविष्य काढता येत नाही, असे संशोधकांनीही बजावले होते. जितकी वर्षे खेळ, तितका धोका अधिक, आणि कन्कशन म्हणून नोंद न झालेले छोटे हादरेही त्यात मोजावे लागतात, इतके मात्र नक्की म्हणता येते.

मला भीती वाटली ती त्यांच्या आवाजातल्या निर्विकारपणाची. लीगचे माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसन यांनी २०११ मध्ये आणि ज्युनियर सेआऊ यांनी २०१२ मध्ये आत्महत्या केली, हे या वर्तुळातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून मी आडवळणाने न विचारता सरळ विचारले की, जगणे संपवावे असे मनात येते का. त्यांनी होकार दिला. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी कुणी तरी दार उघडल्यासारखा भाव आला. त्याच संध्याकाळी त्यांच्या संमतीने घरातल्या बंदुका त्यांच्या भावाकडे गेल्या, मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरली आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावले गेले. आज अमेरिकेत ९८८ हा क्रमांक अशा वेळी दिवसरात्र उपलब्ध आहे.

वैद्यकीय तपासणीत दोन गोष्टी पुढे आल्या आणि दोन्हींवर उपचार होते. एक नैराश्य. दुसरी झोपेत श्वास अडकणे, जे या अंगकाठीच्या माजी खेळाडूंत वारंवार आढळते आणि ज्यामुळे विसराळूपणा व चिडचिड दोन्ही वाढतात. सहा महिने उपचार घेतल्यावर दारे आपटणे पुष्कळ कमी झाले. वळण चुकणे थांबले नाही. म्हणजे काही त्रास उपचाराने हटणारा होता आणि काही नव्हता. "सगळे सीटीईच" असे धरून चालले असते, तर हटणारा त्रासही तसाच अंगावर काढला गेला असता. आणि हेही मी दोघांसमोर स्पष्ट बोलले की, मेंदूची इजा हे रागाचे कारण असू शकते, पण बाईंनी घरात भीतीने वावरावे याचे ते समर्थन होऊ शकत नाही. आवाज चढला की त्यांनी खोलीबाहेर पडायचे आणि पतींनी मागे जायचे नाही, हा नियम पतींनीच सुचवला.

जबाबदारीचा प्रश्न त्यांनी स्वतः काढला, तोही बऱ्याच उशिरा. "मी पैसे घेतले, टाळ्या घेतल्या, माझ्या मर्जीने उतरलो. आता तक्रार कोणत्या तोंडाने करू?" गुडघे जातील, बोटे वाकडी होतील, हे माहीत होते का, असे मी विचारले. ते हसून "अर्थात" म्हणाले. पन्नाशीत घरचा रस्ता सापडणार नाही, हे माहीत होते का? "नाही. डोके गरगरले की आम्ही त्याला घंटा वाजणे म्हणत असू. प्रशिक्षक बोटे दाखवून किती ते विचारत आणि पुन्हा आत पाठवत." कायद्यातही, धोका पत्करला असे म्हणण्यासाठी तो धोका माहीत असावा लागतो, आणि दाव्यातला मुख्य आरोप तो कळू दिला नाही, हाच होता. तो सिद्ध झाला, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण तो सिद्ध झालेला नाही. पण नाकारलाही गेलेला नाही. मर्जी खरी असू शकते आणि तरीही ती अर्धवट माहितीवर दिलेली असू शकते, एवढे मी म्हणाले. दोष न ठरवताही जबाबदारी उचलता येते, याचे उदाहरण याच लीगमध्ये आहे: माजी खेळाडू जॉन मॅकी यांच्या स्मृतिभ्रंशानंतर त्यांच्या पत्नी सिल्व्हिया यांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिले, आणि २००७ मध्ये लीग व खेळाडू संघटनेने त्यांच्या जर्सीच्या क्रमांकावरून ८८ प्लॅन नावाची शुश्रूषाखर्चाची योजना सुरू केली.

त्यानंतर जे घडले, ते मी ठरवून सांगू शकले नसते. या चाचण्यांचे गुण मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी धरली जात होती, म्हणजे घसरण दाखवण्यासाठी त्यांना इतरांपेक्षा वाईट गुण पडावे लागत. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दावा केला, आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बंद करणाऱ्या बदलाला मान्यता दिली. बाईंचे पती कृष्णवर्णीय आहेत. त्यांची २०१८ ची उत्तरपत्रिका पुन्हा मोजली गेली. उत्तरे तीच, माणूस तोच; मोजपट्टी बदलली आणि चार वर्षांपूर्वी नसलेली घट कागदावर उमटली. ती रोख भरपाईच्या पातळीची नव्हती. पुढील तपासण्या व उपचारांचा खर्च देणाऱ्या पहिल्या पातळीची होती. बाईंना राग आला आणि तो अगदी रास्त होता. पती म्हणाले, "तेव्हा नाही म्हणाले, म्हणून मी बरा झालो नव्हतो, आणि आता हो म्हणाले, म्हणून आजारी पडलो नाही."

शेवटच्या काही भेटींपैकी एका भेटीत ते मेंदूदानाचा अर्ज घेऊन आले. त्यातून कुटुंबाला एक डॉलरही मिळणार नाही, हे त्यांना वकिलांनी आधीच सांगितले होते. मुलाला कधीतरी खरे काय ते कळावे, एवढीच त्यांची इच्छा होती. अर्जात एकूण किती हंगाम खेळलात, हे विचारले होते. तडजोडीच्या हिशेबात त्यांचे सहा हंगाम धरले होते. इथे त्यांनी पत्नीला विचारत विचारत शाळेची वर्षे मोजली, मग कॉलेजची, आणि नवव्या वर्षापासूनची बेरीज करून त्या रकान्यात एकोणीस लिहिले.