त्वचेच्या कर्करोगावर पीएचडी : मुलीला परवानगी द्यावी का?

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि प्रयोगशाळेत मानवी त्वचा वाढवून त्वचेच्या कर्करोगावर पीएचडी करण्याचा तिचा विचार आहे. ‘हा रोग आपल्याकडे तुरळक, मग पाच-सहा वर्षे घालवून पुढे पोटापाण्याचे काय?’ असे आपण विचारले आहे.

गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग कमी आढळतो, हे खरे आहे. परंतु धोतर कमरेला घट्ट कसल्याने तेथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या डॉ. वि. रा. खानोलकरांनी 1945 मध्येच केली होती. शिवाय सावळ्या लोकांत मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) बहुधा तळपायावर किंवा नखाखाली होतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि तो पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. त्यामुळे हा विषय परका मानू नये.

कामाचे स्वरूप मात्र आपण दोघांनीही नीट समजून घ्यावे. शस्त्रक्रियेत काढलेली त्वचा रुग्णाच्या संमतीने मिळवून तिच्यातील पेशी वेगळ्या करतात; फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या आतल्या थरातील पेशी) मिसळलेल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या थरावर केराटिनोसाइट (वरच्या थरातील पेशी) वाढवतात आणि मग तो थर द्रवातून वर, हवेच्या संपर्कात आणला की साधारण दोन आठवड्यांत खऱ्या त्वचेसारखे पदर तयार होतात. त्यात मेलानोमाच्या पेशी सोडल्या की त्या खालच्या थरात कशा शिरतात ते पाहता येते. उंदराची त्वचा पातळ व केसाळ असल्याने हे तिच्यावर तितके विश्वासार्ह ठरत नाही. अर्थात या नमुन्यांत सहसा रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी नसतात, ही मोठी मर्यादा आहे. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवे मीडियम (पोषक द्रव) लागते, मग रविवार असो वा लक्ष्मीपूजन, आणि एका बुरशीने महिन्याचे काम वाया जाऊ शकते. माझ्या मते हुशारीपेक्षा असा चिकाटीचा स्वभाव मुलीत आहे का, हेच आधी पाहावे.

अर्थार्जनाविषयी स्पष्टच लिहितो. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये मिळतात. फेलोशिपशिवाय, घरच्या पैशावर पीएचडी सुरू करू नये. प्राध्यापक वा शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्या आहेत, हे मी झाकून ठेवणार नाही. तथापि सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात 2014 पासून बंदी आहे आणि 2023 च्या नियमबदलाने औषधांच्या चाचणीतही अशा प्रयोगशाळेतील मानवी नमुन्यांना वाट मिळाली, त्यामुळे सेल कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या कामात) मुरलेल्या हाताला कंपन्यांतही काम मिळू शकते.

तेव्हा परवानगीचा निर्णय आजच घेऊ नये. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प तिने पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) यांसारख्या संस्थेत, प्रत्यक्ष सेल कल्चर करणाऱ्या गटात मिळवण्याचा प्रयत्न करावा. पुढे गाइड निवडताना त्यांच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोलून पीएचडीला किती वर्षे लागतात ते विचारावे, आणि त्वचेचे नमुने देणाऱ्या रुग्णालयाशी त्यांचा करार व नीतिसमितीची मंजुरी आधीपासून आहे का, हेही. ती नसेल तर पहिले कित्येक महिने कागदपत्रांतच जातात. प्रकल्प संपल्यावरही तिचा उत्साह टिकला, तर आपण तिला अडवू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक