साथ नसलेलं साथरोगशास्त्र

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी फिजिओथेरपिस्ट, वय २४. तिला वार्धक्याच्या एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे साथरोगशास्त्रात, संशोधन करायचंय, तुम्ही क्लिनिकसाठी जागा घेऊन बसलात. ‘आम्ही ठरवलंय’ हे पत्रात चारदा आलंय. तिला हे का करायचंय, ते एकदाही नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: ‘ती लांब गेली तर आमच्या म्हातारपणी कोण?’ खरं पत्र या ओळीपासून सुरू होतं. काळजी रास्त आहे. पण ती करिअरच्या प्रश्नात गुंडाळून मुलीच्या गळ्यात घालू नका. तिच्याशी थेट बोला. क्लिनिकचं आमिष दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

तुम्ही तक्रार केलीत, ‘रुग्णांच्या चालण्याचे सेकंद वहीत मांडत बसते.’ मला तर पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. चार मीटर अंतर आखायचं, नेहमीच्या चालीनं चालायला सांगायचं, स्टॉपवॉच लावायचं. पाच सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला, की तपासणाऱ्यानं सावध व्हायचं. २०११ मध्ये नऊ दीर्घकालीन अभ्यासांतल्या ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हा चालण्याचा वेग आणि पुढचं आयुष्य यांचा संबंध स्पष्ट दिसला. लेकीची वही फालतू नाही.

‘साथ ओसरली की हिची नोकरी गेली’ असं तुम्ही लिहिलंय. दोष तुमचा नाही, ‘साथरोगशास्त्र’ या शब्दाचा आहे. कुठला आजार कुणाला, किती जणांना आणि का होतो, हे माणसांचे मोठे गट घेऊन शोधायचं, ते हे शास्त्र. आजार साथीचाच हवा असं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमला १९४८ साली ५,२०९ माणसांवर सुरू झालेला प्रसिद्ध अभ्यास हृदयविकाराचा होता. वार्धक्यात तर मेख आणखी वेगळी. नव्वदीतली काही माणसं रक्तदाब जास्त असूनही ठणठणीत दिसतात. मग रक्तदाब निरुपद्रवी म्हणायचा? ज्यांना त्यानं गाठलं ते नव्वदीपर्यंत पोचलेच नसतील! फेरतपासणीला न आलेल्या आजी बऱ्या आहेत म्हणून आल्या नाहीत, की अंथरुणातून उठवत नाही म्हणून? समोर नसलेल्या माणसांचा हिशेब कसा धरायचा, हे या प्रशिक्षणात शिकवतात. ही वृद्धांची शुश्रूषा नव्हे, आणि त्यासाठी एमबीबीएस असावंच लागतं असंही नाही.

वाट सरळ आहे: सार्वजनिक आरोग्य किंवा एपिडेमिऑलॉजीत मास्टर्स, मग पीएच.डी.

पैशाबद्दल गोड बोलणार नाही. सुरुवातीची वर्षं शिष्यवृत्तीवर निघतात, नंतरही बरीच कामं प्रकल्पाचा निधी असेतोवरच असतात. क्लिनिक लवकर कमावून देईल, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

तिलाही एक सांगतो. या कामात रुग्ण कमी भेटतात, आकडे जास्त. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर क्लिनिकच बरं. ४५ वर्षांवरच्या भारतीयांचा ‘लासी’ नावाचा मोठा अभ्यास आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून जास्त माणसं होती. त्याची माहिती नोंदणी करून संशोधकांना मिळते. ती घेऊन तिनं तीन महिने ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर झटापट करावी. तोवर जागेचा करार थांबवा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो हवेत.