हीटमॅप वाचता येत नाही? आधी उजेड बघा, रंग नंतर

तुमची अडचण मला कळली ती अशी: पायथनमध्ये थर्मल कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर केलंय, हीटमॅपला (तापमान रंगांत दाखवणाऱ्या चित्राला) जेट कलरमॅप, म्हणजे निळ्यापासून लालपर्यंतची इंद्रधनुषी रंगपट्टी आहे, बाजूची आकडेवारी फिक्या करड्या अक्षरांत, आणि लॅबमधले लोक म्हणतात 'दिसत नाही'. तुम्ही विचारताय, पॅलेट कोणता घेऊ?

पॅलेटचं नंतर. आधी मुख्य विंडोचा स्क्रीनशॉट काढून तो कृष्णधवल करा. जेटची दोन्ही टोकं, गडद निळं आणि गडद लाल, जवळजवळ सारखीच काळपट दिसतील. म्हणजे सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम जागा एकसारख्या! जेटचा उजेड मधे चढतो आणि पुन्हा उतरतो. तापमान मात्र एकाच दिशेनं वाढत असतं. शिवाय आकाशी आणि पिवळ्या पट्ट्यांशी डोळ्याला कड भासते, डेटात तिथं काहीच नसतं. अशाच एका खोट्या कडेला मी दोन दिवस 'तडा' समजून बसलो होतो, त्यामुळे माझा या रंगपट्टीवर जरा रागच आहे. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिब या पायथनच्या ग्राफ लायब्ररीने २०१७ च्या २.० आवृत्तीत जेटला डिफॉल्टवरून हटवलं ते उगाच नाही.

व्हिरिडिस हा कलरमॅप लावा. त्यात उजेड एकसारखा वाढत जातो. लाल-हिरव्यात गल्लत होणारे वापरकर्ते असतील तर सिव्हिडिस हा कलरमॅप त्यांच्यासाठीच बेतलेला आहे. दोन फ्रेममधला फरक दाखवत असाल तर दुतर्फा कलरमॅप (मधल्या रंगापासून दोन बाजूंना दोन वेगळे रंग) घ्या, पण शून्य बरोबर मधल्या रंगावर बांधा. ऑटो-स्केल (डेटानुसार रंगांची सीमा आपोआप बदलणं) चालू राहिलं की शून्य सरकतं आणि चित्र खोटं बोलायला लागतं. ही चूक मी फार वेळा पाहिलीय.

आता अक्षरं. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर) लागतो. डेस्कटॉपलाही तोच धरा. पांढऱ्यावर करडा आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) ११८,११८,११८ जेमतेम पास होतो, ११९ ला नापास. १७० चा करडा २.३ च्या आसपासच अडकतो. आयकॉन आणि चौकटींच्या कडांना ३:१ पुरतं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळी रेघ तर १.१ च्याही खाली, तेव्हा ग्राफमध्ये ती नकोच.

हीटमॅपवरच्या क्रॉसहेअरला (जागा दाखवणाऱ्या फुलीला) एकच रंग कधीच पुरत नाही, कारण तो गडद आणि उजळ दोन्ही भागांवरून फिरतो. पांढरी रेघ काढा आणि तिला एक पिक्सेल काळी किनार द्या. 'सेन्सर चालू/बंद' नुसत्या हिरव्या-लाल ठिपक्यानं दाखवू नका, शेजारी शब्द लिहा.

आणि हो, कुणीतरी ज्येष्ठ सर 'आमचा जुना जेट कुठे गेला?' विचारतीलच. मेनूत ठेवा तो, फक्त सगळ्यात खाली.