पद्मिनीचे इंजिन : पडवीत किती, वर्कशॉपात किती?

प्रश्न : वडिलांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे चालू स्थितीत आहे, परंतु अलीकडे ती निळा धूर सोडते आणि ऑइलही खाते. मेकॅनिक ‘फुल इंजिन’ (म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त) करायला सांगतात. हे काम घरच्या पडवीत स्वतः करता येईल का, आणि पावसाळ्यात काढावे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : करता येईल, मात्र इतके मोठे काम खरोखरच निघाले आहे का, हे आधी पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, आणि ते कोठून शिरते याचा अंदाज धूर केव्हा येतो त्यावरून बांधता येतो. चोर्ला घाट अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पायथ्याशी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट निघाला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर) घ्यावा, कारण थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना इनटेकमधील व्हॅक्यूम वाढतो आणि झिजलेल्या गाइडमधून ऑइल ओढले जाते. चढावर जोर लावताना धूर सतत येत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडर तपासावे लागतील.

इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) मोजा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा-सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावे. दोष केवळ गाइडचा असेल तर हेडचे (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) काम पुरे, आणि मग फुल इंजिनचा खर्च कशाला?

ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) उघडावाच लागला, तर खोलणे, धुणे, मोजणे आणि जोडणे ही कामे पडवीत होतात. बोरिंग (सिलिंडर कापून मोठे करणे), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून सारखा करणे) आणि गाइड बसवणे वर्कशॉपवर सोडावे. मोजणी मात्र आपणच करावी, कारण बोअर करायचे की नुसते होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने हलकी घासणे) चालेल, हा निर्णय त्या आकड्यांवरच ठरतो. या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर आहे. सिलिंडरची झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला, पहिल्या रिंगेच्या पट्ट्यात होते. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे माप घ्यावे. नवी रिंग पिस्टनच्या माथ्याने सरळ आत ढकलून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहावी : ढोबळ नियम दर इंच बोअरला 4 हजारांश इंच, म्हणजे येथे सुमारे 0.27 मिलिमीटर, पण अंतिम शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल चालत नाही, म्हणून खोलण्यापूर्वीच त्यांवर क्रमांकाच्या खुणा कराव्यात. व्हॉल्व्हना हालचाल देणारे टॅपेटही ज्याच्या त्याच्या जागी परत जायला हवेत.

हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. काही ठिकाणी सगळे भाग एकाच कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाते. तेव्हा हेड सोपवताना हे बजावून सांगावे.

पावसाळ्याविषयी : काम ऑक्टोबरनंतर काढणे बरे. होनिंगनंतर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत धुवावे लागते, कारण घासताना सुटलेले खरडीचे कण पेट्रोलने नीट निघत नाहीत. आणि आपल्या हवेत कोरड्या झालेल्या बिडाच्या भिंतीवर तांबूस गंज लवकर धरतो. पुसताक्षणी ऑइल चोळून ब्लॉक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा.

जोडणी झाल्यावर प्लग न लावता, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडाथोडा, मध्ये विश्रांती देत फिरवावा आणि मगच इंजिन चालू करावे. जुने रबरी पेट्रोल होज व पंपाचा डायफ्राम याच वेळी बदलून घ्यावेत. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते आणि चिरते.