मेमरीस्टोअरच्या रेडिसमध्ये मॅक्समेमरी पॉलिसी कमांड लाइनवरून कशी बदलायची?

नांदेडच्या एका भावाचा प्रश्न असा: गूगल क्लाउडच्या मेमरीस्टोअरवर (गूगल स्वतः रेडिस चालवून देतं ती सेवा) रेडिस, म्हणजे माहिती मेमरीत ठेवणारा डेटाबेस, घेतलंय, अ‍ॅपला अधूनमधून 'ओओएम कमांड नॉट अलाउड' (मेमरी भरली, कमांड चालणार नाही) असा एरर येतो, आणि रेडिस-सीएलआयमधून कॉन्फिग सेट मारलं की 'अननोन कमांड' म्हणतं. मॅक्समेमरी पॉलिसी, म्हणजे मेमरी भरल्यावर काय काढायचं याचा नियम, बदलायची कशी आणि कोणती ठेवायची?

भाऊ, कॉन्फिग सेटचा नाद सोडा. मेमरीस्टोअरमध्ये कॉन्फिग ही कमांडच बंद ठेवलेली असते. तुमच्या हातात रेडिस आहे, पण त्याच्या सर्व्हरची किल्ली गूगलकडं. म्हणून सेटिंग रेडिसला सांगायचं नाही, गूगलला सांगायचं, म्हणजे जीक्लाउड या गूगलच्या कमांड लाइन टूलमधून.

कमांड लांब नाही. जीक्लाउड रेडिस इन्स्टन्सेस अपडेट, पुढं तुमच्या इन्स्टन्सचं (म्हणजे तुम्ही घेतलेल्या रेडिसचं) नाव, मग डबल डॅश रीजन (मुंबई असेल तर एशिया-साउथ१), आणि शेवटी डबल डॅश अपडेट-रेडिस-कॉन्फिग. त्याच्यापुढं मॅक्समेमरी-पॉलिसी, बरोबरचं चिन्ह आणि हव्या त्या पॉलिसीचं नाव, मधे स्पेस न सोडता. एकापेक्षा जास्त सेटिंग असतील तर स्वल्पविराम. जे लिहाल तेवढंच बदलतं, आधीची बाकी सेटिंग जागेवर राहतात. एखादं काढून टाकायचं असेल तर अपडेटच्या जागी रिमूव्ह-रेडिस-कॉन्फिग. त्याआधी जीक्लाउड कॉन्फिग लिस्ट मारून कोणत्या प्रोजेक्टवर उभे आहात ते बघा. 'नॉट फाउंड' आलं की निम्म्या वेळा प्रोजेक्टच दुसरा निघतो.

बदल लागला का हे बघायला रेडिस-सीएलआयमध्ये इन्फो मेमरी मारा. त्यात मॅक्समेमरी पॉलिसीची ओळ असते, ती खरी. फक्त हे घरच्या लॅपटॉपवरून जमत नाही. इन्स्टन्सला खाजगी आयपी असतो, त्यामुळं त्याच नेटवर्कमधल्या एखाद्या मशीनवर आधी शिरावं लागतं.

पण एवढं करूनही एरर जाईलच असं नाही, आणि माझा सगळा मार इथंच खाऊन झालाय.

आपल्या सर्व्हरवर साधं रेडिस टाकलं तर पॉलिसी नोएव्हिक्शन असते, म्हणजे जागा भरली की नवीन काही घेतच नाही. मेमरीस्टोअरमध्ये ती आधीपासूनच व्होलाटाइल-एलआरयू असते (एलआरयू म्हणजे बराच वेळ न वापरलेलं आधी काढायचं). मग जुनं काढून जागा का होत नाही? कारण 'व्होलाटाइल' म्हणजे ज्या कीला (साठवलेल्या नोंदीला) मुदत, म्हणजे टीटीएल, लावलीय तीच काढायची. तुमच्या एकाही कीला मुदत नसेल तर काढायला काहीच नाही, आणि ही पॉलिसी नोएव्हिक्शनसारखीच वागते. म्हणून पॉलिसीला हात लावायच्या आधी इन्फो कीस्पेस मारा. कीज आणि एक्स्पायर्स असे दोन आकडे शेजारी दिसतात. कीज लाखात आणि एक्स्पायर्स शंभर-दोनशे असेल तर दुखणं तुमच्या कोडमध्ये आहे.

आम्ही लातूरला आडत दुकानांसाठी भावाचं छोटं अ‍ॅप चालवतो. दसरा ते दिवाळी सोयाबीनची आवक चढली की यार्डात पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या रेडिसमध्येही. हाच एरर आला तेव्हा मी घाईत ऑलकीज-एलआरयू लावलं. एरर गेला. पण त्याच इन्स्टन्समध्ये लॉगिनचे सेशनही होते, आणि ऑलकीज म्हणजे खरंच सगळ्या कीज. ज्या आडत्यांनी सकाळपासून अ‍ॅप उघडलं नव्हतं त्यांचे सेशन आधी उडाले, आणि ऐन सौद्यात ते फोन करून विचारायला लागले, "आमचं खातं बंद केलं का हो?" पासवर्ड कुणाच्या ध्यानात असतो! दुपारपर्यंत मी फक्त पासवर्ड बदलून देत होतो.

मग नीट बसून बघितलं. भावाच्या कीला आम्ही मुदत लावत होतो, पण एकदाच, पहिल्यांदा की बनवताना. नवीन भाव आला की साधं सेट मारायचो. साधं सेट आधीची मुदत पुसून टाकतं! दर सौद्याला आम्हीच आमच्या हातानं टीटीएल काढत होतो. आता प्रत्येक सेटला ईएक्स, म्हणजे मुदत सांगणारा पर्याय, जोडलंय. रेडिस ६ किंवा पुढचं असेल तर कीपटीटीएलही चालतं, पण त्यात जुनीच मुदत तशी चालू राहते, भावाला ते बरं नाही.

पॉलिसी म्हणाल तर भाव आणि सेशन एकाच ठिकाणी असतील तर मी व्होलाटाइल-टीटीएल लावतो. ज्याची मुदत लवकर संपणार ते आधी जातं. भावाला एक दिवस, सेशनला तीस दिवस ठेवलं की जागा कमी पडल्यावर बहुतेक भावच उडतात, आणि ते डेटाबेसमधून परत भरता येतात. निव्वळ कॅश (तात्पुरती साठवण) असेल, हरवलं तरी कुणी रडणार नाही असा माल, तर ऑलकीज-एलआरयू बिनधास्त लावा.

सोबत मॅक्समेमरी-जीबी, म्हणजे डेटाला किती मेमरी द्यायची ती मर्यादा, पण त्याच कमांडमध्ये थोडं खाली आणा. ५ जीबीच्या इन्स्टन्सला मी ४ ठेवतो, वरची जागा रेडिसच्या स्वतःच्या कामाला राहते. आणि साइज वाढवायचा मोह झाला तर आधी टियर, म्हणजे इन्स्टन्सचा प्रकार, बघा: बेसिक टियरमध्ये साइज बदलताना सगळा कॅश रिकामा होतो. ते काम सौदा उरकल्यावर, रात्री.

कधी अ‍ॅमेझॉनच्या इलास्टिकॅशवर गेलात तर तिथं रीत वेगळी. सेटिंग पॅरामीटर ग्रुपमध्ये असतात आणि डीफॉल्ट ग्रुप बदलता येत नाही. आधी स्वतःचा ग्रुप बनवायचा, त्यात बदल करायचा, मग तो क्लस्टरला जोडायचा.

तुमचे इन्फो कीस्पेसचे दोन आकडे खाली टाका, मग पुढचं सांगतो.