५६ टक्क्यांवर पीएच.डी. पूर्ण होते का?

एम.ए.ला जेमतेम ५६ टक्के मिळालेल्या माणसाने पीएच.डी.च्या फंदात पडावे का, आणि पडलाच तर ती त्याच्या हातून पूर्ण होईल का, हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून येतो. कधी तो प्रवेशाआधी येतो, कधी कोर्स वर्कचा, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाचा, निकाल लागल्यावर येतो. पण सर्वांत जास्त वेळा येतो तो नोंदणीला दोन-तीन वर्षे उलटून काम अडल्यावर. ठाण्यात नौपाड्याला मी समुपदेशन करते. तिथे असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षक असतात, तसेच महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणारेही असतात. पुढे सांगते आहे तो अनुभव संबंधित व्यक्तीच्या परवानगीने लिहिला आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे तपशील बदलले आहेत.

चाळिशीकडे झुकलेल्या या शिक्षिका ऐरोलीला राहतात आणि अकरावी-बारावीला भूगोल शिकवतात. महाविद्यालयाकडून एनओसी घेऊन त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला अर्धवेळ पीएच.डी.ला नोंदणी केली होती. विषय ठाणे खाडीच्या काठच्या कोळीवाड्यांतील मासेमारीच्या बदलत्या स्वरूपाचा. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली आणि दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका क्रमाने माझ्यासमोर मांडल्या. सर्वांत शेवटी कोर्स वर्कचे गुणपत्रक होते. त्यात ५८ टक्के. "मॅडम, हे आधी बघा, म्हणजे माझं का होत नाही ते तुम्हाला कळेल," असे त्या म्हणाल्या. प्रबंधाचे एकही पान त्यांनी बरोबर आणले नव्हते.

त्यांचे लिखाण कित्येक महिन्यांपासून थांबले होते. गाईडचा फोन वाजला की त्या तो वाजू देत आणि मग "सर, वर्गात होते" असा निरोप पाठवत. एकदा तर हा निरोप त्यांनी रविवारी पाठवला होता. सहामाही प्रगती अहवाल सादर करताना संशोधन सल्लागार समितीतील एका सदस्याने "आकडेवारीचे विश्लेषण कच्चे आहे" असे म्हटले होते. ते वाक्य त्यांच्या मनात घर करून बसले होते, आणि विश्लेषण कच्चे आहे याचा अर्थ आपण कच्च्या आहोत असाच त्यांनी लावला होता. घरी मोठ्या जाऊबाईंना विद्यापीठाचे सुवर्णपदक आहे. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. पण कोणी बोलण्याची गरज उरली नव्हती.

अशा वेळी मी आधी नियमांकडे वळते, कारण भीतीचा बराचसा भाग ऐकीव माहितीवर पोसलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी लागते, आणि अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत असते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट येणाऱ्यांसाठी ही अट ७५ टक्के आहे. आत आल्यावर कोर्स वर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते आणि प्रबंध सादर करण्याचा हक्क टिकवायचा तर त्यातही ५५ टक्के मिळवावे लागतात. या बाईंनी दोन्ही अटी ओलांडल्या होत्या. काठावर ओलांडल्या हे खरे; पण काठावर ओलांडणाऱ्यासाठी नियमावलीत वेगळा रकाना नाही. त्यापुढे गुणांचा संबंधच संपतो. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो; ते तो स्वीकारावा, सुधारून पुन्हा मागवावा की नाकारावा एवढेच सांगतात, आणि नंतर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. पीएच.डी.ला प्रथम श्रेणी नसते आणि द्वितीयही नसते. हे त्या वर्षानुवर्षे जाणत होत्या, तरी कोणी स्पष्ट म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटले.

मग त्या म्हणाल्या, "पण हुशार लोकांचीच पूर्ण होते ना?" हा प्रश्न संशोधकांनीही विचारलेला आहे. अमेरिकेत पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जीआरई या परीक्षेचे गुण दीर्घकाळ पाहिले जात. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जीववैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की जीआरईच्या गुणांवरून पहिल्या सत्रातील गुणांचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मात्र पदवी पूर्ण होईल की नाही, ती किती काळात होईल आणि किती शोधनिबंध लिहून होतील, याचा अंदाज येत नाही. अर्थात प्रवेश मिळालेले सगळे मुळातच चाळून घेतलेले असतात, त्यांच्यातील फरक लहान असतो, म्हणून या निष्कर्षाचा अर्थ 'अभ्यासाची गरजच नाही' असा करून घेऊ नये. आणि अर्धवट राहणे ही काही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेने केलेल्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांनंतरही पीएच.डी. पूर्ण केलेल्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्केच भरले होते. तिथे प्रवेश घेणारे सगळे काही ५६ टक्केवाले नव्हते.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना लिखाण आणायला सांगितले, आणि खरी गोष्ट तेव्हा कळली. दिवाळे, सारसोळे आणि वाशी गावातील कोळी बांधवांच्या मुलाखतींच्या त्यांच्याकडे जाडजूड वह्या होत्या. कोणत्या महिन्यात कोणते जाळे, खाडीत पूर्वी मिळणारी कोणती मासळी आता मिळत नाही, बाजारात बसणाऱ्या बायकांचा दिवसाचा हिशेब कसा चालतो, हे सगळे सुवाच्य अक्षरात तारीखवार टिपलेले होते. लॅपटॉपमध्ये दोन प्रकरणांची मिळून ऐंशीच्या आसपास पाने होती. गाईडनी त्यातले एकही पान पाहिले नव्हते. का, असे विचारल्यावर उत्तर आले, "पूर्ण झाल्याशिवाय सरांना काय दाखवायचं?"

माझ्या मते काम अडले होते ते इथे. शाळेपासून आपण उत्तरपत्रिका एकदाच देतो. घंटा होईपर्यंत ती आपली, आणि नंतर जे लिहिले त्यावर शिक्का बसतो. ज्याला आयुष्यभर कमी गुण मिळाले तो संशोधनातही प्रत्येक प्रकरणाला उत्तरपत्रिका समजतो आणि घंटा पुढे ढकलत राहतो. प्रबंध असा लिहिलाच जात नाही. तो दाखवून, परत घेऊन, खोडून, पुन्हा दाखवून तयार होतो, आणि त्यातले दुसऱ्याने पाहिलेले कच्चे पान न दाखवलेल्या दहा सुबक पानांपेक्षा जास्त उपयोगी पडते. गंमत अशी की सुवर्णपदकवाल्यांची स्थिती याहून वाईट असू शकते, कारण कच्चे काम दाखवून बोलणी खाण्याची त्यांना सवयच नसते. माझ्याकडे येणाऱ्या अडलेल्यांत असे पहिल्या क्रमांकाचे बरेच असतात, फक्त ते फाइल घेऊन येत नाहीत.

तरीही 'गुणांना काही अर्थ नाही' असे मी या बाईंना सांगितले नाही, कारण ते खरे नव्हते. त्यांनी आणलेल्या गुणपत्रिका आम्ही पुन्हा उघडल्या, या वेळी शेवटची ओळ झाकून. एम.ए.च्या बहुतेक विषयांत त्यांना साठीच्या आसपास गुण होते. टक्केवारी खाली ओढली होती ती संख्याशास्त्रीय पद्धतींच्या पेपरांनी, त्यातल्या एकात तर शंभरपैकी ४१. समितीचे सदस्य ज्या विश्लेषणाला कच्चे म्हणाले ते हेच. म्हणजे शेरा बरोबर होता, आणि तो एका दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टीवर होता. एकूण टक्केवारीवरून आपण किती हुशार हे ठरवण्यात वर्षे घालवण्यापेक्षा कोणत्या पेपरला गुण का गेले हे पाहणे बरे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. त्यांच्याच महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडे आठवड्यातून एकदा बसायचे आणि सरकारच्या स्वयम् पोर्टलवरील एक अभ्यासक्रम करायचा, असे ठरले.

गाईडना निरोप पाठवणे मात्र घरी जाऊन होणार नाही हे दिसत होते, म्हणून तो आम्ही माझ्यासमोरच लिहिला. पहिला मसुदा हा निव्वळ माफीनामा होता: सासूबाईंचे आजारपण, बोर्डाचे पेपर तपासणे, मुलाची दहावी. सगळे खरे होते, पण गाईडना त्यातून करण्यासारखे काहीच मिळत नव्हते. काटछाट करून उरले ते असे: "सर, नमस्कार. दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा सोबत पाठवत आहे. तिसऱ्या तक्त्यानंतरची मांडणी मला जमलेली नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?" उत्तर त्याच संध्याकाळी आले. "शनिवारी ११ ला या. तक्ते एक्सेलमध्येही आणा." बोलणी नाहीत, चौकशी नाही. सगळेच गाईड असे असतात असे मी म्हणणार नाही; महिनोन्महिने मसुद्याला हात न लावणारेही असतात. तिथे तोंडी तक्रारीपेक्षा पाठवल्याची तारीख असलेला ई-मेल कामी येतो, सल्लागार समितीपुढे तो विषय मांडता येतो, आणि गरज पडली तर गाईड बदलून मिळावा असा अर्जही करता येतो.

वेळेची भीतीही मोठी होती. तीन वर्षे झाली म्हणजे आपण मागे पडलो, असे त्या धरून चालल्या होत्या. वास्तविक तीन वर्षे हा किमान कालावधी आहे, कमाल सहा वर्षांचा. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे सगळे मिळून दहा. बाळंतपण वा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, तीही अनेकींना ठाऊक नसते. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध देताच येत नाही, ही आयोगाची जुनी अट २०२२ च्या नियमावलीत उरलेली नाही. मात्र आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे हे ज्याने त्याने पीएच.डी. विभागात विचारून घ्यावे.

सोडून देण्याचा पर्यायही आम्ही नीट तपासला. त्या सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहेत, आणि १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. वरिष्ठ महाविद्यालयात जाण्यासाठी पीएच.डी. हवीच असे त्या समजत होत्या. ते तसे नाही हे कळल्यावर त्यांनी विचाराला वेळ मागितला. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या की नोकरीसाठी नको असली तरी त्या वह्यांचे काहीतरी व्हायला हवे. हे कारण मला पुरेसे वाटते. ज्यांना विचाराअंती उलटे वाटते त्यांनी नोंदणी रद्द करण्यात कमीपणा मानू नये.

झोप उडणे, जेवण तुटणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही लक्षणे असतील तर मात्र प्रबंधाची चर्चा बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. या बाईंच्या बाबतीत तशी वेळ आली नव्हती.

त्यांचे दुसरे प्रकरण आतापर्यंत तीनदा लाल शाईने भरून परत आले आहे आणि पहिले गाईडनी थोड्याफार दुरुस्त्यांसह मान्य केले आहे. समितीच्या मागच्या बैठकीत त्याच सदस्यांनी नमुनानिवडीबद्दल नवा आक्षेप घेतला. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत सारसोळ्याला आणखी काही मुलाखती घ्याव्या लागणार आहेत, आणि प्रबंध सादर करण्याचे वेळापत्रक त्यांनी गाईडशी बोलून एका सत्राने पुढे नेले आहे.