एचआर मॅनेजरच्या मुलाखतीला जाताना

‘मला माणसांत रमायला आवडतं’ हे उत्तर पॅनेलला नको असतं. विचारतात ते असं: सर्वाधिक विक्री आणणाऱ्या मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आहे, डायरेक्टर म्हणतात ‘आपसात मिटवा’. काय कराल? इथे कामाच्या ठिकाणच्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा क्रम तोंडपाठ हवा. लेखी तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींसाठीची कंपनीतलीच समिती), चौकशी ९० दिवसांत, नावं गुप्त. समेट चौकशीआधी आणि तक्रारदार महिलेनेच मागितला तर. त्यातही पैशांवर तडजोड चालत नाही. बरेच उमेदवार ‘दोघांना समोरासमोर बसवीन’ म्हणतात आणि तिथेच घसरतात. डायरेक्टरना नकार देताना कलम दाखवा, आवाज चढवू नका. आणि हो, जुन्या कंपनीतलं प्रकरण सांगताना नाव किंवा विभाग तोंडातून निसटू देऊ नका. पॅनेल मुद्दाम खोदून विचारतं.